काढून टाकलेला हिरवा

फोटो 'साफ' करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी पट्टी असते. डाव्या टोकाला हिरवा, उजव्या टोकाला जांभळट गुलाबी, मधे एक ठिपका. रात्रीच्या आभाळाचा फोटो उघडला की माझं पहिलं काम म्हणजे तो ठिपका उजवीकडे सरकवणं. अठरा, वीस, कधी पंचवीस. आभाळ कसं गडद निळं व्हायचं, आकाशगंगा उठून दिसायची, आणि मी समाधानानं फोटो घरच्या ग्रुपवर टाकायची. सहा वर्षं हे चाललं. ती हिरवट झाक म्हणजे कॅमेऱ्याचा दोष, नाहीतर लांबच्या कुठल्यातरी दिव्यांची घाण, असं माझं ठाम मत होतं. ठाम मत बाळगायला पुण्यात कुणाची परवानगी लागत नाही.

त्यातून मी रसायनशास्त्र शिकवते. सत्तावीस वर्षं झाली, ज्युनिअर कॉलेजला. म्हणजे मला कळायला हरकत नव्हती.

अमावास्येच्या आसपासचा शनिवार मिळाला की आम्ही चौघं-पाचजण गाडी काढतो. खडकवासला, खानापूर, मग पाबे घाट उतरून वेल्हे. तिथे ओळखीतल्या एकांचं भातखाचर आहे. भात निघून गेलेला असतो, पायाखाली टोचणारी खुंटं असतात आणि समोर तोरणा. हिवाळ्याच्या शेवटी रात्री दोननंतर असं दव पडतं की तिवईला हात लावला तरी ओला होतो. भिंगावर दव धरू नये म्हणून मी जुन्या पायमोज्यात गरम वाळूची पुरचुंडी भरून ती भिंगाच्या गळ्यात बांधते. बाकीचे हसतात. पहाटे त्यांचे फोटो धुरकट निघतात, मग हसत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तिथे मी कॅमेरा तोरण्याकडे तोंड करून लावून ठेवला आणि झोपले. पंचवीस-पंचवीस सेकंदांचे एकशे त्रेचाळीस फोटो. घरी आल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याला त्यातला एक पाठवायचा होता. तो आता वातावरणशास्त्रात संशोधन करतो, माझे फोटो आवडीनं बघतो. घाईत साफ केलेला पाठवायच्या ऐवजी कच्चाच गेला. पाच मिनिटांत फोन.

"मॅडम, हा कुठला?"

"वेल्ह्याचा. अरे, चुकून बिनसाफ केलेला गेला, थांब, चांगला पाठवते."

"नको! हाच चांगला आहे. हिरवे पट्टे दिसतायत ना तिरके?"

मी चष्मा लावून पाहिलं. दिसत होते. वाळत घातलेल्या साडीला मधेमधे चुण्या पडाव्यात तसे चार-पाच फिकट हिरवे पट्टे, तोरण्याच्या उजव्या खांद्यावरून निघून वर गेलेले. ढग म्हणावेत तर त्यांच्या आरपार तारे स्वच्छ दिसत होते.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलेलं आहे हे. एम आठवतो का?"

एम न आठवून कसं चालेल. ओझोन शिकवताना फळ्यावर लिहिते मी तो दर वर्षी. ऑक्सिजनचा एक सुटा अणू, अधिक ऑक्सिजनचा रेणू, अधिक एम. बाणाच्या पलीकडे ओझोन, अधिक एम. आणि दर वर्षी एक तरी हात वर होतो. हा एम कोण? आला तसाच गेला, तर मग लिहायचा कशाला? मी सांगते, एम म्हणजे मध्यस्थ. वर्गात हशा होतो, पण उत्तर बरोबर असतं. दोन कण एकमेकांना भिडून जोडले जातात तेव्हा त्या जोडणीतूनच एवढी ऊर्जा निघते की ती त्यांना पुन्हा फोडते. ती काढून न्यायला कुणीतरी तिसरा त्याच क्षणी तिथे हजर लागतो. नायट्रोजनचा रेणू चालतो, ऑक्सिजनचा चालतो. तो स्वतः बदलत नाही, फक्त दोघांमधली उष्णता घेऊन निघून जातो. लग्न जुळवणाऱ्या काका-मामांचं काम याहून फार वेगळं नसतं.

जमिनीजवळ असे मध्यस्थ पैशाला पासरी. पण नव्वद किलोमीटर उंचीवर हवा इथल्यापेक्षा काही लाख पटींनी विरळ असते. तिथे दोघांची गाठ पडणंच मुश्कील, तिसऱ्याचं तर विचारूच नका. आणि सगळी गंमत तिथेच सुरू होते.

दिवसा सूर्याची अतिनील किरणं ऑक्सिजनचे रेणू फोडतात. संध्याकाळ झाली की ऐंशी किलोमीटरच्या खालचे सुटे अणू भराभर संपतात, कारण तिथे मध्यस्थ मिळतात. वरचे मात्र तसेच राहतात, रात्रभरच काय, दिवसेंदिवस. म्हणजे दिवसाचं ऊन रात्रीसाठी सुट्या अणूंच्या रूपात शिलकीला पडलेलं असतं. ही शिल्लक अंधारात हळूहळू खर्च होते आणि त्या खर्चाचा जो उजेड पडतो तो एअरग्लो. हवेची स्वतःची प्रभा. तिला चंद्र लागत नाही, तारे लागत नाहीत, आणि ध्रुवीय प्रकाशाला लागतो तसा सूर्याकडून आलेल्या कणांचा माराही लागत नाही. पृथ्वीवर कुठेही, कुठल्याही रात्री, डोक्यावर ती असतेच. अमावास्येला शेतात डोळे सरावल्यावर आपल्या हाताची आकृती आभाळावर काळी दिसते ना, तेव्हा मागचं आभाळ जे किंचित उजळ असतं त्यात ताऱ्यांचा वाटा आहे तसाच हिचाही आहे. आपल्याला रंग कळत नाही, कारण इतक्या मंद उजेडात डोळा रंग सोडून देतो. कॅमेऱ्याला कळतो.

माझ्या फोटोतला हिरवा म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटातली ५५७.७ नॅनोमीटरची रेषा. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी ती १८६८ मध्येच पाहिली होती, पण ती कुठल्या मूलद्रव्याची हे कुणालाच कळेना. प्रयोगशाळेत कुठलाही वायू तापवा, ही रेषा येईना. शेवटी १९२५ मध्ये टोरांटोत मॅक्लेनन आणि श्रम यांनी दाखवून दिलं की ही साध्या ऑक्सिजन अणूची रेषा आहे. सत्तावन्न वर्षं आपण जो वायू नाकानं ओढत होतो तोच ओळखू आला नव्हता. कारण असं, की उत्तेजित झालेला ऑक्सिजनचा अणू हा हिरवा प्रकाश टाकायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. अणूंच्या जगात पाऊण सेकंद म्हणजे युग. इथल्या गर्दीत तेवढ्या वेळात त्याला कुणी ना कुणी धडकतं आणि त्याच्याकडची ऊर्जा परस्पर काढून घेतं. वर शहाण्णव-सत्त्याण्णव किलोमीटरवर त्याला निवांतपणा मिळतो.

हिरव्याची कृती अशी: दोन सुटे अणू मध्यस्थाच्या साक्षीनं जोडले जातात आणि उत्तेजित रेणू होतो, तो तिसऱ्या सुट्या अणूला आपली ऊर्जा देऊन मोकळा होतो, आणि तो तिसरा उजळतो. एका हिरव्या ठिणगीसाठी ऑक्सिजनचे तीन अणू. हे तीन लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच्या खाली, सत्त्याऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणखी एक थर आहे, जेमतेम आठ किलोमीटर जाडीचा, आणि खरं तर हिरव्यापेक्षा कितीतरी प्रखर. पण तो उजळतो मुख्यतः अवरक्तात, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नाही. तिथे आधी मध्यस्थाच्या कृपेनं ओझोन तयार होतो. मग एखादा हायड्रोजनचा अणू येऊन त्या ओझोनमधला एक ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच, जन्माला येतो. तो जन्मतःच थरथरत असतो, ताणलेली तार सोडल्यासारखा, आणि ती थरथर प्रकाशाच्या रूपानं बाहेर टाकतो. १९५० मध्ये माइनेल यांनी हा प्रकाश ओएचचा असल्याचं ओळखलं आणि त्याच वर्षी बेट्स आणि निकोले यांनी ही ओझोनची वाट मांडली. पुढे त्या ओएचला आणखी एक सुटा ऑक्सिजन भेटतो, दोन ऑक्सिजन एकमेकांचा हात धरतात आणि हायड्रोजन पुन्हा मोकळा. निघाला पुढच्या ओझोनकडे. एकच हायड्रोजन असे फेरे मारत राहतो; संपतो तो ऑक्सिजन.

इथवर मी एकटीसुद्धा पोचले असते, वेळ काढला असता तर. पण पट्टे? आभाळ उजळतं हे कळलं, चुण्या कशाच्या?

"गुरुत्व तरंग," तो म्हणाला.

मी म्हटलं, "ते हिंगोलीला प्रयोगशाळा उभी राहतेय तेच ना? दोन कृष्णविवरं धडकली की येतात ते?"

फोनवर तो दमल्याचं मला कळलं. हा प्रश्न त्याला प्रत्येक लग्नकार्यात विचारला जात असणार. त्या गुरुत्वीय लहरी, अवकाशकालाच्या. हे गुरुत्व तरंग अगदी घरगुती. हवेचा लोट कुणी वर ढकलला तर आजूबाजूच्या हवेपेक्षा तो जड ठरतो, गुरुत्व त्याला खाली ओढतं. खाली येताना भरात जास्तच खाली जातो, तिथे हलका ठरतो, पुन्हा वर उचलला जातो. विहिरीत रिकामी कळशी दाबून सोडली की ती जशी डुचमळते तसं. हे डुचमळणं भोवतालच्या हवेत पसरत जातं आणि तिरकं वर चढतं, एवढाच तो तरंग. मराठीत दोघांना जवळजवळ एकच नाव दिल्यानं घोळ होतो, पण इंग्रजीतही तो होतोच, तेव्हा आपण एकटेच दोषी नाही.

हवेला ढकलतं कोण? डोंगरावरून वाहणारा वारा ढकलतो. उंचावरचे झोतवारे ढकलतात. आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात ढकलतो तो वळीव.

वळीव पुण्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. दुपारी चारपर्यंत अंगाची काहिली, मग सिंहगडाच्या बाजूला काळंनिळं काहीतरी उभं राहतं, एकदम वारा सुटतो, रस्त्यावरची धूळ आणि गुलमोहराच्या पाकळ्या घरात, कुणाच्या तरी गच्चीवरच्या कुरडया दोरीसकट तिसऱ्या इमारतीत, आणि टपोरे थेंब पडायला लागायच्या आत वीज गेलेली. आपलं लक्ष खाली असतं. वर काय चाललेलं असतं, तर तो ढग पंधरा किलोमीटरपर्यंत फुगत चढतो आणि स्थितांबराच्या, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थराच्या, बुडाला डोक्यानं धडका देतो. पाण्यात दगड पडल्यावर उठतात तशी वर्तुळं त्या धडकेतून उठतात. फरक इतकाच की ही वर्तुळं वरही चढतात, पेल्याच्या काठासारखी रुंदावत.

आणि चढताना ती मोठी होतात. हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटलं. पाण्यातली लाट लांब जाता जाता विरते, ही वर जाता जाता माजते. लहानपणी आमच्या आळीत पोतराज यायचा. त्याचा आसूड मुठीजवळ मनगटाएवढा जाड आणि टोकाला सुतळीसारखा. मूठ नुसती हलायची, टोक मात्र हवेत असं कडाडायचं की आम्ही आजीच्या पदरामागे. जोर तोच, पण दोरी बारीक होत जाते तसा त्याला ओढायला माल कमी उरतो, म्हणून वेग वाढत जातो. तरंगाचंही तेच. हवा विरळ होत जाते आणि तेवढीच ऊर्जा कमी हवेला जास्त हलवते. दहा किलोमीटरवर दहा मीटरचं डुचमळणं नव्वद किलोमीटरवर पोचेपर्यंत, हिशेबानं, तीन किलोमीटरच्या घरात जाऊ शकतं. प्रत्यक्षात इतकं क्वचितच पोचतं, कारण वाटेत वारे असतात. ज्या तरंगाचा वेग आणि दिशा एखाद्या उंचीवरच्या वाऱ्याशी जुळते तो तिथेच जिरतो. जे उरतात ते पोचतात, आणि पोचल्यावर बरेचसे फुटतात, आसुडाच्या टोकासारखे.

आता त्या उजळ थरात असा तरंग घुसला की काय होतं ते बघा. माझ्यातली शिकवणारी बाई इथे खुर्ची पुढे ओढून बसली.

तरंगानं हवा खाली दाबली की तीन गोष्टी होतात. एक, ती तापते. किलोमीटरभर दाबली तर साधारण साडेनऊ अंशांनी. दोन, ती दाटते, म्हणजे मध्यस्थ जवळ येतात. तीन, आणि हे महत्त्वाचं, वरची हवा खाली येते. आणि सुट्या ऑक्सिजनचा साठा त्या उंचीवर वर वर झपाट्यानं वाढत जातो, तेव्हा वरची हवा येताना काही पट जास्त ऑक्सिजन घेऊन येते. यातली पहिली गोष्ट उलटी ओढते. मध्यस्थाची ती अभिक्रिया थंडीत जोमानं चालते, गरम झालं की मंदावते. विद्यार्थ्यांना हे कधीच पटत नाही, कारण त्यांनी तापवलं की वेग वाढतो एवढंच पाठ केलेलं असतं. पण दुसरी आणि तिसरी मिळून पहिलीला भारी पडतात. ओझोन जास्त होतो, ओएच जास्त होतं, थर उजळतो. अर्ध्या आवर्तनानंतर तीच हवा वर उचलली जाते, निवते, पातळ होते, मंदावते. फोटोतला उजळ पट्टा म्हणजे बहुतेक वेळा दाबलेली हवा, आणि दोन पट्ट्यांमधला अंधार म्हणजे उचललेली.

हिरव्यात हा खेळ जास्तच रंगतो. तीन अणू लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. एका ठिणगीला तीन ऑक्सिजन लागत असतील तर ऑक्सिजन थोडा वाढला तरी उजेड ढोबळमानानं घनाच्या पटीत वाढायला बघतो. दीडपट ऑक्सिजन, तर तिपटीच्या आसपास हिरवा.

हे तापमान आणि उजेड यांचं नातं मोजण्यासाठी क्रासोव्स्की नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९७२ मध्ये एक साधं गुणोत्तर काढलं: उजेड किती टक्क्यांनी हलला भागिले तापमान किती टक्क्यांनी हललं. तापमान कसं कळतं तर त्याच ओएचच्या प्रकाशातून, त्याच्या शेजारशेजारच्या रेषांची प्रखरता ताडून. नव्वद किलोमीटरवरचा थर्मामीटर खाली बसून वाचायचा. आकडा येतो उणे ऐंशी अंश सेल्सिअसच्या आगेमागे. आणि ते गुणोत्तर दर तरंगाला वेगळं येतं: संथ तरंगाला रसायनाला सावरायला वेळ मिळतो, चपळ तरंगाला मिळत नाही. म्हणजे उजेड कसा हलला यावरून हलवणाऱ्याचा स्वभाव ओळखता येतो. पाच मिनिटांपेक्षा चपळ असा गुरुत्व तरंग मात्र तिथे नसतोच. हवेचं डुचमळणं त्याहून भराभर होत नाही.

मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जिच्यावर मी दोन दिवस विश्वास ठेवला नाही. वर चढणाऱ्या तरंगाच्या घड्या खाली उतरताना दिसतात. ऊर्जा वर जात असते आणि तरंगाचे चढ-उतार खाली सरकत असतात, एकाच वेळी. म्हणून वरच्या हिरव्या थरात उजळपणा आधी येतो आणि खालच्या ओएचच्या थरात नंतर. बघणाऱ्याला वाटावं की लाट वरून आली. आली असते आपल्या पायाखालच्या वळवातून. दोन्ही थरांमधलं दहाएक किलोमीटरचं अंतर आणि मधला उशीर, एवढ्यावरून तरंगाची उभी लांबी काढतात. मी ओट्याशी उभी राहून पोळपाटावर लाटणं तिरकं धरून बघितलं, बाजूला सरकवून बघितलं, तेव्हा कुठे पटलं. तिरकी रेघ आडवी सरकली की एका जागी उभं राहून बघणाऱ्याला ती वर किंवा खाली सरकल्यासारखीच दिसते. पोळी करपली.

तरंग नुसता येऊन गेला तर थर पुन्हा होता तसा होतो. फुटला तर होत नाही. फुटलेली लाट हवा घुसळते, वरचा ऑक्सिजन कायमचा खाली येतो आणि तिथे मध्यस्थांच्या तावडीत सापडून संपतो; त्या भागाच्या रसायनाचा जमाखर्चच बदलतो. वारेही बदलतात. फुटणाऱ्या तरंगांनी दिलेल्या धक्क्यामुळे त्या उंचीवर हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे वाहते. उन्हाळी ध्रुवावर ती वर उचलली जाऊन गारठते. म्हणून मध्यांबराच्या माथ्यावर, म्हणजे याच उंचीच्या आसपास, जिथे चोवीस तास ऊन आहे तो ध्रुव जिथे चोवीस तास काळोख आहे त्याच्यापेक्षा थंड असतो. असलं विधान मी परीक्षेत चूक की बरोबर मध्ये दिलं तर सगळा वर्ग शून्य मिळवेल.

या तरंगांकडे लोकांचं लक्ष गेलं तेही उल्कांमुळे. उल्केची धुराची रेघ वर काही क्षणांत वेडीवाकडी होते, आणि ती वाकवणारे वारे नुसते वारे नसून तरंग आहेत हे १९६० मध्ये कोलिन हाइन्स यांनी मांडलं. अंतराळ स्थानकावर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पाठवलेल्या नासाच्या 'ऑ' (AWE) नावाच्या उपकरणानं याच ओएचच्या उजेडावर नजर ठेवून वरून तरंग टिपले. आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये तिबेटातून काढलेल्या फोटोत हिरवी वर्तुळं दिसली होती. त्यांचं मूळ होतं हिमालयाच्या अलीकडे बांगलादेशावर उठलेलं वादळ.

पण मला जास्त लागलं ते जवळचं. शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं म्हणून ते नाव, बसच्या थांब्यालासुद्धा. त्या चौकातून मी कित्येक वर्षं कॉलेजला गेले. तिथून गणेशखिंडीनं पुढे गेलं की विद्यापीठ. आणि तिथल्या भौतिकशास्त्र विभागातले एम. डब्ल्यू. चिपळोणकर आणि त्यांचे विद्यार्थी गेल्या शतकाच्या पन्नास-साठच्या दशकांत पुण्याच्या आभाळाचा एअरग्लो मोजत होते. हिरवी रेषा, सोडियमची पिवळी रेषा, अडीचशे किलोमीटरवरून येणारी ऑक्सिजनची तांबडी रेषा. पुण्यातून! आज विद्यापीठाच्या चौकातून आभाळ बघायचं म्हणजे आधी उड्डाणपूल चुकवावा लागतो.

त्या पिवळ्या रेषेचं दुःख वेगळंच आहे. जळून गेलेल्या उल्कांमधला सोडियम नव्वद किलोमीटरच्या आसपास साचतो आणि रात्री ५८९ नॅनोमीटरला मंद पिवळा उजळतो. आपण खाली रस्त्यारस्त्यावर सोडियमचेच दिवे लावले. त्याच रंगात. पुढे एलईडी आले, आणि मग पिवळ्याबरोबर बाकीचेही रंग बुडाले. आता हे काम महाराष्ट्रात व्हायचं तर कोल्हापूरला होतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे सबंध आभाळ टिपणारे कॅमेरे तिथे शिवाजी विद्यापीठात बसवलेले आहेत. तेही पावसाळ्यात बंदच. तरंग उठवणारे ढगच आड येतात.

मी हार्ड डिस्क काढली. कच्ची फाईल असेल तर ती पट्टी परत शून्यावर आणता येते, हे त्यातल्या त्यात बरं. सहा वर्षांचे फोटो, एकेक करून ठिपका मधे. रोहिडा, राजमाची, पानशेतच्या पाण्यावरचं मृग नक्षत्र. सगळीकडे पट्टे नव्हते. बहुतेक ठिकाणी नुसती सपाट हिरवट साय. पण २०२३-२४ चे फोटो जास्त हिरवे निघाले. सूर्य त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात भराला आला होता, आणि तो भरात असला की वरची शिल्लकही भरात असते. जे फोटो कच्चे ठेवलेच नव्हते, साफ करून बाकी पुसून टाकले होते, त्यांचं काही करता आलं नाही. त्यांत राजमाचीची एक सबंध रात्र होती.

ते एकशे त्रेचाळीस फोटो जोडून मी छोटी फिल्म केली. पट्टे चालतात त्यात. संथ, एकामागून एक, दिंडीतल्या ओळींसारखे अंतर राखून, तोरण्याच्या मागून येतात आणि डोक्यावरून पुण्याकडे जातात. मधेच, वीसेक फोटोंपुरत्या, त्यांना आडव्या अशा बारीक सुरकुत्या उठतात आणि विरतात. विद्यार्थी म्हणाला, तिथे लाट फुटतेय बहुतेक. मी ते वीस फोटो कितीदा पाहिले असतील याचा हिशेब नाही.

या वर्षी मे महिन्यात, अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे, रात्री आठनंतर वळीव आला. वीज गेली. पन्हाळीतून धो धो पाणी, खिडकीशी मेणबत्ती. मनात आलं, हा ढग आत्ता वर धडका देतोय, आणि तासा-दीड तासात वर चुण्या पडायला लागतील. आणि त्या बघायला पुण्यात कुणीच नाही, कारण आम्ही सगळे त्याच ढगाच्या खाली. बघायचं तर दोनशे किलोमीटर लांब जायला हवं, जिथे आभाळ मोकळं आहे.

माझी मोठी बहीण कोल्हापूरला असते. साडेनऊला फोन लावला.

"ताई, तुमच्याकडे पाऊस आहे?"

"छे गं. गच्चीवर बसलोय आम्ही, चांदण्या आहेत. का?"

"उत्तरेला काय दिसतंय?"

"थांब." चपलांचा आवाज. "लांब खाली विजा चमकतायत. आवाज नाही, नुसता उजेड. तुमच्याकडच्या असतील."

"आमच्याच आहेत. आता असं कर, हात लांब कर, आणि त्या विजांपासून एक वीत वर मोज."

"मोजली."

"तिथे बघ."

बराच वेळ काही आवाज नाही. भावजी मागून विचारत होते, काय झालं, काय झालं.

"अगं, इथे काहीच नाहीये," ताई म्हणाली. "अंधार आहे."

"हो, तिथेच. बघत राहा जरा."